पाहुणा आला, वाट द्या

“आज तो शब्द कुणाच्याही तोंडातून बाहेर पडता कामा नये. पडला, तर गाठ माझ्याशी आहे,” मुकादम म्हणाला.

लोडरांच्या खोलीत तिघे बसले होते. तिघांनीही मुकाट्याने माना हलवल्या. एरवी या खोलीत मुकादमाने काही बजावलं की त्याला फाटे फुटायचेच. भोंगा काहीतरी वाकडं बोलायचा, मास्तर त्याला दुरुस्त करायचा आणि बारक्या, जो नावाचाच बारक्या होता आणि अंगाने कपाटाएवढा, दोघांनाही हसायचा. आज भोंग्याने नुसती बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली.

“मुकादम, तुम्ही खरं तर आज वहिनींपाशी थांबायला हवं होतं,” मास्तर म्हणाला. “आम्ही आहोत ना. सामानाच्या ट्रॅक्टरवाल्याला हाताखाली घेतलं असतं.”

“ट्रॅक्टरवाल्याला? त्याला स्वतःची पँट धड वर धरता येत नाही.”

कुणी हसलं नाही. मुकादमाला उगाच वाटलं होतं की कुणीतरी हसेल.

“माझं पोरगं आहे,” तो म्हणाला. “मीच उतरवणार.”

दुपारच्या विमानाने त्याचा मुलगा येणार होता. शिडीवरून नाही, सामानाच्या कप्प्यातून.

विमानतळ तसा नावापुरताच. एक धावपट्टी, कडेने तारेचं कुंपण आणि लांबून शाळेसारखी दिसणारी एक बुटकी पिवळी इमारत. सकाळी एक विमान यायचं, दुपारी एक. धुकं असलं की तेही नाही. मधल्या वेळात इतकी शांतता असायची की भोंगा सामानाच्या वजनकाट्यावर बसून डुलक्या काढायचा आणि झोपेत आपलं वजन वाढतं असं छातीठोकपणे सांगायचा. शहरात कामधंदा बेताचाच. तरणी पोरं याच विमानाने लांब जायची आणि याच विमानाने सुट्टीला परत यायची. बहुतेक सगळी शिडीवरून उतरायची, कुंपणापलीकडच्या माणसांना हात करत. एखादा मात्र लाकडी पेटीत बंद होऊन यायचा.

ही गोष्ट प्रवाशांना माहीत नसते. ते पुढे बसून चहा पितात, खिडकीतून ढगांचे फोटो काढतात, आणि मागच्या भिंतीपलीकडे, त्यांच्याच बॅगांच्या शेजारी, कुणीतरी आडवा असतो. ते कळू नये म्हणूनच तो शब्द निघाला. पूर्वी एकदा एका लोडरने ऐन शिडीपाशी, “आत प्रेत आहे रे, जपून!” अशी आरोळी ठोकली आणि उतरणारी एक बाई तिथेच चक्कर येऊन पडली. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. प्रेत म्हणायचं नाही, बॉडी म्हणायचं नाही, पेटीसुद्धा म्हणायचं नाही. मग म्हणायचं काय? मुकादम तेव्हा नवा होता आणि जिभेला धार होती.

“पाहुणा म्हणू या साहेब,” तो म्हणाला. “पाहुणा आलाय म्हटलं की कुणाला संशय येणार?”

शब्द चिकटला. वॉकीटॉकीवर निरोप यायचा, “दुपारच्याला पाहुणा आहे.” भोंगा विचारायचा, “जेवून आलाय की जेवणार?” असले विनोद बाहेरच्या माणसाला ऐकवू नयेत. पण त्या विनोदांवाचून चौघांना ते काम झेपलं नसतं, हेही तितकंच खरं. पुढे त्या शब्दाची आरोळीच झाली. पेटी उचलताना सगळ्यांचे हात एका क्षणी उठावे लागतात, नाहीतर एक बाजू वर आणि एक खाली. मुकादम ओरडायचा, “पाहुणाऽ,” की चौघांनी मूठ आवळायची. “आला!” की उचलायचं. “वाट द्या!” की पाऊल टाकायचं. इतक्या वर्षांत एकही पेटी कधी कलली नव्हती. त्याचा मुकादमाला मनातून अभिमानही होता. काम वाईट, पण हात चोख.

घरी यातलं काही ठाऊक नव्हतं. बायकोला वाटायचं, आपला नवरा दिवसभर बॅगा उचलतो आणि लोकांच्या शिव्या खातो. त्याने तिला तसंच वाटू दिलं होतं.

मुलगा मोठ्या शहरात, उंच इमारतींना काचा बसवायच्या कामावर लागला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याची आई दारातच त्याच्या गळ्यात पडली ती सोडेचना. मुलगा उंबऱ्याबाहेर अडकलेला. मागून मुकादम त्याचं सामान खांद्यावर घेऊन आला. खांद्यावर ओझं आणि पुढे वाट अडलेली. अंगवळणी पडलेलं तेच तोंडातून निघून गेलं, “पाहुणा आला, वाट द्या!”

त्याने जीभ चावली. पण मायलेक खो खो हसत सुटले.

“खरंच की,” बायको म्हणाली. “आता पाहुणाच झालाय हा. काय पाहुणे, मुक्काम किती?”

आणि पोराने ते धरूनच ठेवलं. फोन केला की, “पाहुणा बोलतोय.” सुट्टीला आला की गल्लीच्या तोंडापासूनच बोंब, “पाहुणा आला, वाट द्याऽ!” शेजारची म्हातारी माणसंसुद्धा हसत बाजूला व्हायची. मुकादमाने एकदा मोडता घालून पाहिला. “स्वतःच्या घरात कसला रे पाहुणा? बंद कर ते,” तो म्हणाला. बायकोने डोळे वटारले. “तुम्हीच सुरू केलंत आणि आता तुम्हीच नाक मुरडता? आवडतं त्याला.” तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. पण त्या घरात त्या वेळी इतकं हसू होतं की त्याचा धीर झाला नाही. मग त्यालाही ते म्हणावं लागलं. दर सुट्टीला तोही दारात उभा राहून “पाहुणा आला, वाट द्या!” अशी हाक मारायचा आणि वर विचारायचा, “काय पाहुणे, मुक्काम किती?”

गेल्या खेपेला मुलगा इथूनच गेला. बापाने त्याची बॅग स्वतःच्या हाताने कप्प्यात ठेवली. शिडीच्या वरच्या पायरीवर पोरगं वळलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलं, “पाहुणा निघाला होऽ!” कप्प्याच्या दारात उभा असलेला बारक्या पांढराफटक पडला. भोंग्याने मान फिरवली. “पोर आहे, त्याला काय माहीत,” मास्तर पुटपुटला. मुकादम पुढची बॅग उचलायला वाकला.

आणि मग फोन आला. पोरगं उंचावर ज्या परांचीवर उभं होतं ती सुटली होती. ठेकेदाराचा माणूस सावकाश, समजुतीने सांगत होता.

शब्दाने माणूस मरत नाही, परांची सुटली की मरतो. एवढं मुकादमालाही कळत होतं. पण कळून उपयोग काय? बायको भिंतीला टेकून बसली होती आणि एकच घोकत होती, “पाहुण्यासारखा आला नि पाहुण्यासारखा गेला.” तिच्याजवळ पोराचं आता दुसरं काय उरलं होतं? त्या एका शब्दात त्याचं हसू होतं, गल्लीतली बोंब होती, दारातला गोंधळ होता. आपला नवरा हाच शब्द परक्या मढ्यांसाठी वापरतो, आधी तिथेच वापरत होता आणि मग तो उचलून घरी घेऊन आला, हे तिला कळलं तर? मुलगा गेलाच होता. त्याचं हसूही मग त्या पेटीत जाऊन पडलं असतं.

म्हणून त्याने सगळं योजून ठेवलं होतं. बायको इमारतीच्या पलीकडे, मालाच्या गोदामात बसेल. पेटी तिथे नेऊन ठेवली की मगच तिला दिसेल. मधलं काही तिच्या कानावर पडणार नाही. आणि तरीही खबरदारी म्हणून आज तो शब्द नको.

“मग उचलायचं कशावर?” बारक्याने विचारलं.

“एक, दोन, तीन म्हणू,” मास्तर म्हणाला. “सगळं जग त्यावरच उचलतं.”

मुकादमाने होकार दिला. एवढ्यात दारात मॅनेजरबाई आल्या. बाई वयाने लहान, पण हाताखालच्या प्रत्येकाला अहोजाहो करायच्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“मुकादम, वहिनींना मी आत घेऊन आलेय,” त्या म्हणाल्या. “गोदामात एकट्याच खोक्यांमध्ये बसल्या होत्या. मला बघवेना हो. विमानाजवळच्या पिवळ्या पट्टीपर्यंत येऊ दे त्यांना. नियमात बसत नाही, पण मी बघून घेईन.”

“नको मॅडम. ऊन आहे फार. तिला सोसायचं नाही.”

“मी छत्री धरीन ना. मी त्यांच्याजवळच थांबते.”

कुणी वाईट वागत असतं तर भांडता आलं असतं. इतक्या मायेने केलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं? “उपकार झाले,” तो म्हणाला, आणि बाई गेल्यावर त्याने तिघांकडे पाहिलं. भोंग्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. त्याची कुजबुजसुद्धा टॉवरपर्यंत जायची, म्हणूनच तर तो भोंगा.

विमान वेळेवर आलं. इंजिनं गुरगुरत मंदावली, पंखे थांबले आणि धावपट्टीवर ती नेहमीची शांतता पसरली. आज मुकादमाला ती वैऱ्यासारखी वाटली.

बायको पिवळ्या पट्टीवर उभी होती. मॅनेजरबाईंनी एका हाताने तिच्यावर छत्री धरली होती आणि दुसऱ्या हाताने तिचा दंड. बायकोच्या पायात मुकादमाच्या चपला होत्या. घरातून निघताना ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रवासी उतरून तिच्या शेजारून जात होते. एक तरुण जोडपं भांडत गेलं, एक आजोबा फोनवर “पोचलो, पोचलो” म्हणत गेले. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. एकही चेहरा सुटू देत नव्हती. शिडी रिकामी झाली तरी ती दाराकडेच बघत राहिली.

आधी बॅगा. पद्धतच तशी होती. बॅगा गेल्या आणि माणसं पांगली की मग पेटी. मुकादम बॅगा उतरवत होता. हात आपोआप चालत होते. कुणाची दोरीने बांधलेली पिशवी, कुणाच्या बाळाची घडीची गाडी. एका बॅगेचं चाक निखळलं होतं, ते त्याने उचलून बॅगेच्या बाहेरच्या खणात घातलं.

मग कप्प्यात फक्त एकच गोष्ट राहिली.

नव्या लाकडाचा वास येत होता. पेटीवर चिठ्ठी डकवलेली होती. मास्तरने ती वाचायची असते, पण त्याने वाचली नाही. भोंगा आणि बारक्या आत चढले. मुकादम आणि मास्तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, दाराच्या खाली उभे राहिले. आतल्यांनी पेटी सरकवत दारापर्यंत आणली. पुढची बाजू मुकादमाच्या आणि मास्तरच्या खांद्यावर टेकली. कप्प्याच्या दाराला खाली उंच कड होती. आता आतल्या दोघांनी मागची बाजू उचलून त्या कडेवरून काढायची आणि त्याच क्षणी खालच्यांनी पुढे पाऊल टाकायचं. शेकडो वेळा केलेलं काम.

“एक,” मास्तर दबक्या आवाजात म्हणाला. “दोन. तीन.”

बारक्याने ‘तीन’ला उचललं. भोंगा तीन झाल्यावर उचलणार होता. मास्तरने म्हणता म्हणता पाऊल टाकलं, आणि मुकादम कशाची तरी वाटच बघत राहिला. पेटीने एका अंगाला कल घेतला. मागचा कोपरा कडेवर आपटला, पुढचा मास्तरच्या खांद्यावरून घसरला. मुकादमाने दोन्ही हात खाली घातले. तिरक्या पेटीचं सगळं वजन त्याच्या छातीवर आलं.

आणि आत काहीतरी सरकलं.

लाकडातून त्याला ते कळलं. जड, मऊ, त्याच्याच बाजूला येऊन टेकलेलं.

“धरा, धरा!” मास्तर ओरडला.

“कशावर? कशावर उचलू?” आतून बारक्या रडवेल्या आवाजात विचारत होता. “परत एकपासून म्हणू का?”

“अरे थांब, तू सोडू नकोस...”

“मी नाही सोडत, भोंग्या, तू...”

चौघांचे हात चार दिशांना झाले होते. इतकी वर्षं ज्या हातांनी एकही पेटी कलू दिली नव्हती ते हात आज नवशिक्यांसारखे चाचपडत होते. मास्तरचा पाय ट्रॉलीच्या कडेवरून निसटला. पेटी आणखी थोडी खाली आली. पलीकडे पिवळ्या पट्टीवर बायको किंचाळली. नुसतीच किंचाळी, तिच्यात शब्द नव्हता.

पोरगं पडणार होतं. दुसऱ्यांदा.

मुकादमाने डोळे मिटले.

“पाहुणाऽ!”

धावपट्टीच्या त्या टोकापर्यंत आवाज गेला. चार जणांच्या मुठी एकदम आवळल्या.

“आला!”

पेटी उठली. सरळ, हलकी, पाण्यावरून उचलल्यासारखी.

“वाट द्या!”

पाऊल पडलं. कड मागे राहिली. पेटी ट्रॉलीवर टेकली तेव्हा कणभरही आवाज झाला नाही. भोंगा वरून खाली उतरला आणि विमानाकडे तोंड करून उभा राहिला. बारक्या कप्प्याच्या दारातच मटकन बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

मुकादमाने मान वर केली नाही. तिच्या पायातल्या आपल्या चपला त्याला जवळ येताना दिसल्या. फटक फटक वाजत, मोठ्या होत्या म्हणून. मॅनेजरबाईंनी तिला अडवलं नव्हतं. चपला ट्रॉलीपाशी येऊन थांबल्या. आता ती विचारणार. विचारलं तर खोटं बोलायचं नाही, एवढंच त्याने त्या क्षणात ठरवलं. त्यापुढचं काही त्याला सुचत नव्हतं.

“तुम्ही हाक मारलीत त्याला,” बायको म्हणाली.

त्याने वर पाहिलं. तिचा चेहरा सुजला होता, ओठ फुटले होते. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती कुणाकडे तरी बघून बोलत होती.

“मला वाटलं, सामानासारखा उतरवतील,” ती म्हणाली. “इकडून धर, तिकडून धर करतील आणि ठेवतील आणून. सगळा वेळ मी तेच मनात धरून होते. पण तुम्ही हाक मारलीत. आपल्या दारात मारायचात ना, तश्शी.” तिने पेटीवर हात ठेवला. “ऐकलं असेल त्याने. त्याचा आवाज असाच जायचा गल्लीच्या टोकापर्यंत.”

मुकादमाने ट्रॉलीचा दांडा धरला.

ती भोंग्याकडे वळली. “भाऊजी, तुम्हीपण ती हाक ऐकून बरोबर उचललंत. यांनी सांगितलं होतं होय तुम्हाला, आम्ही घरी त्याला काय म्हणतो ते?”

भोंग्याने मुकादमाकडे पाहिलं. मास्तरनेही पाहिलं. मुकादम ट्रॉलीच्या दांड्याकडे बघत होता.

“हो वहिनी,” भोंगा म्हणाला. आयुष्यात कधी नव्हे तो त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला नीट ऐकू आला नसावा. म्हणून त्याने पुन्हा एकदा सांगितलं, “सांगितलं होतं. आम्हाला माहीत होतं.”

“भलं होवो तुमचं,” ती म्हणाली.

नंतरचं सगळं रीतसर झालं. मॅनेजरबाईंनी सह्या घेतल्या. गोदामाच्या दाराशी गाडी लागली होती, तिच्यात पेटी ठेवायची होती. तेव्हा आरोळी कुणी द्यायची हा प्रश्नच आला नाही. तिघेही मुकादमाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. बायकोही बघत होती, वाट बघत होती. त्याने ती दिली. आवाज चिरकला, पण दिली. पेटी अलगद आत गेली. यापुढे कुणाचीही पेटी आली तरी त्याला हीच आरोळी द्यावी लागणार होती. ती देताना हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहणार होतं, आणि घरी गेल्यावर यातलं चकार शब्दाने बोलता येणार नव्हतं. हे त्याला तिथेच, गाडीच्या मागच्या दारात उभं असताना कळून चुकलं.

बायको पेटीच्या एका बाजूला खाली बसली. तो आत चढून दुसऱ्या बाजूला बसला. मास्तरने बाहेरून दार लावलं. आत अर्धा अंधार झाला.

“आज विचारलं नाहीत?” ती म्हणाली.

“काय?”

“मुक्काम किती ते.”

तिने पेटीच्या झाकणावरची धूळ हाताने पुसली, पुसलेल्या जागी पुन्हा हात फिरवला.

गाडी सुरू झाली. फाटकाजवळच्या गतिरोधकावर तिला धक्का बसला आणि पेटी किंचित सरकली. दोघांनीही एकाच क्षणी हात टेकवून ती धरली. कुणी काही म्हटलं नव्हतं.